शोरूमच्या गाडीत बसलेला माणूस

गाडीचं कर्ज नामंजूर झालं आणि बुकिंगचे पैसे परत मिळवायला मी सोलापुरातल्या त्या शोरूममध्ये खेटे घालू लागलो. तिथंच तो दिसायचा. दुधनीकडचा मेंढरंवाला, डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी. त्याचंही कर्ज फिसकटलेलं. मी सोफ्यावर बसून मॅनेजरची वाट बघायचो. तो मात्र थेट मांडून ठेवलेल्या पांढऱ्या गाडीकडे जायचा, पायताणं दाराबाहेर काढायचा, सीटवर घोंगडी अंथरायचा आणि स्टिअरिंगला नमस्कार करून आत बसायचा.

एके दिवशी नेमकी तीच गाडी बघायला एक कुटुंब आलं. मॅनेजर धावला. "काका, उतरा की. गिऱ्हाईक आलंय."

"मग मी कोण हाय?" तो शांतपणे म्हणाला. "माजं पैसं तुमच्याकडं हायत, तवर ही गाडी माजी. पैसं द्या, लगेच उतरतो की."

कुटुंबातल्या आजोबांनी कान टवकारले. "म्हणजे, पैसे परत देत नाहीत का हो हे?"

मॅनेजरचा चेहरा खर्रकन उतरला. आजोबांसाठी चहा सांगून तो लगबगीनं अकाउंटंटकडे गेला. आजोबांचा चहा संपायच्या आत मेंढरंवाल्याच्या मोबाईलवर बँकेचा मेसेज वाजला! त्यानं फोन माझ्यापुढं धरला आणि मी तो जवळजवळ ओरडूनच वाचला, "जमा झाले!"

त्यानं घोंगडी झटकली, गाडीला हात लावून कपाळाला लावला आणि पायताणं चढवत मला म्हणाला, "बसा आता तुमी. सीट गरम हाय."

मी बूट काढले.