खालची ओळ

दर रविवारी दुपारी यवतला माझ्या ताईच्या पडवीत वाजवायच्या दोन पेट्या समोरासमोर मांडल्या जातात. मी कारेगावात राहतो, कारखान्यात कामाला. सकाळी शिरूरच्या चर्चमधली उपासना उरकली की न्हावऱ्यावरून मोटारसायकल काढायची, चौफुल्याला भजी बांधून घ्यायची आणि ताईकडे पोचून भाता सोडायचा. बरोक संगीताला आम्हाला याहून जास्त काही लागत नाही. हे संगीत युरोपातलं, तीनशे वर्षांपूर्वीचं; आमच्या घरात आलं ते चर्चच्या कपाटातल्या नोटेशनच्या जुन्या वह्यांमधून.

एका तुकड्यात दोन ओळी असतात. वरची पुढे निघते, खालची दोन पावलं मागून तिचीच चाल करत येते, आणि थोड्या वेळानं कोण कुणाच्या मागे लागलंय तेच कळेनासं होतं. मजा आहे ती त्यातच. पियानोवर हे एकटा माणूस दोन हातांनी करतो. पेटीवर एक हात भात्याला जुंपलेला, म्हणून माणसं दोन लागतात. वरची ओळ माझी, खालची ताईची. एरवी कंपनीच्या बसमध्ये मी कानात हेच घालून बसतो. खूष असतो. फक्त खालची ओळ रंगात आली की खिडकीबाहेर बघतो.

का, ते कुणाला सांगितलं नव्हतं. कॉलेजात असताना नाताळच्या कार्यक्रमात आम्ही हे पहिल्यांदा वाजवलं. टाळ्या झाल्या. पाळकसाहेबांनी विचारलं, "ताईचं काय काम असतं रे यात?" मी म्हणालो, "ती नुसती साथ करते." खरं म्हणजे खालची ओळच अवघड होती. आधी ती मीच घेतली होती. पंधरा दिवस झगडलो, जमली नाही, आणि "तुला सोपी देतो" म्हणत ताईच्या गळ्यात मारली. तेव्हापासून ताई साथीला. तीस वर्षं.

गेल्या रविवारी शेजारच्या मावशी शेवंतीच्या माळा ओवत ऐकत बसल्या होत्या. तुकडा संपल्यावर म्हणाल्या, "ताई, तुमचं बरं हाय. भावानं बोटं नाचवायची आन् तुम्ही नुसता सूर धरायचा. भाकरी थापता थापता बी जमंल!"

"व्हय," ताई हसली, "तव्यावर लक्ष ठेवलं म्हंजी झालं."

तिच्या त्या हसण्यानं मला राहवेना. मावशी गेल्यावर ताईला सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता ही पेटी मिटणार, आणि माझे रविवार संपले.

ताईनं नोटेशनची वही उलटी फिरवून माझ्यापुढे धरली. खालच्या ओळीखाली, कुठल्या सुराला कुठलं बोट ते सांगणारे, पेन्सिलीनं लिहून खोडलेले आकडे अजून दिसत होते. अक्षर माझं.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, गाढवा. आकडे पण चुकीचे लिहिलेस. करंगळीनं कुणी तिथं चढतं का?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू कधी बोलतोस ते बघत होते." तिनं एक भजं उचललं. "आणि मला खालचीच आवडायची. आज मात्र वरची मी घेणार."

ती निघाली. दोन पावलं मागून मीही निघालो, आणि वहीतल्या तिसऱ्याच रांगेत साफ हरवलो. ताई थांबली नाही. शेवटपर्यंत एकटी वाजवत गेली, मग चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं.

"चल, पुन्हा घेऊ. घाबरू नकोस, तू नुसती साथ कर."