मला ऐकायचंय का?

१९९४ सालच्या एका मंगळवारी डॉक्टरांनी मला खोलीबाहेर बोलावलं आणि सांगितलं की माझा नवरा वसंत याला पॅन्क्रियाजचा कॅन्सर आहे. पॅन्क्रियाज म्हणजे स्वादुपिंड, जठरामागची ग्रंथी. वसंत आत शर्टाची बटणं लावत होता. "पेशंटला तूर्त अल्सर सांगू," डॉक्टर म्हणाले.

मी तेव्हा नेमकं याच विषयावर संशोधन करत होते. गंभीर आजार रुग्णापासून लपवावा का, यावर वॉर्डांमधून नातेवाइकांच्या मुलाखती घ्यायचे. रुग्णाला सांगितलं का? हो किंवा नाही. 'नाही' म्हणणाऱ्यांबद्दल माझं मत आधीच ठरलेलं असे. ते मी कुठे लिहिलं नव्हतं. संशोधकाने स्वतःचं मत बाजूला ठेवायचं, असं शिकले होते. मला वाटे, ठेवलंय.

त्या मंगळवारआधी सोनोग्राफी झाली होती, मग बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणं. रिपोर्टची वाट बघताना वसंत बाकावर शब्दकोडी सोडवायचा आणि अडलं की मला कोपराने ढोसायचा.

डॉक्टरांचं ऐकल्यावर मी मोरव्याला, सासरच्या गावी जाऊन सासूबाईंना सांगितलं. त्यांचं आयुष्य मिठागरात गेलं होतं. त्या रडल्या नाहीत. "त्याला न्हाय सांगायचा," एवढंच म्हणाल्या. मी मनात आणखी एक 'नाही' मोजला.

शनिवारी चहा झाल्यावर मी वसंतला सगळं सांगितलं. शांतपणे, क्रमाने, जसं सांगावं असं मी इतरांना समजावत असे. त्याने कप खाली ठेवला.

"मला ऐकायचंय का, हे विचारलं नाहीस."

मी म्हटलं, हे कळणं हा तुझा हक्क होता.

"माझा ना? मग तू कसा वापरलास?"

कोडी त्या दिवशी बंद झाली. पुढे कधी मी खोलीत गेले की म्हणायचा, "बोला मॅडम, आज काय सांगायचंय?" हसायचा. मला हसता येत नसे. अकरा आठवड्यांनी तो गेला.

संशोधनाच्या अहवालाच्या पहिल्या पानावर मी माझं मत लिहिलं, आणि त्या मतापायी घरी काय केलं तेही. मार्गदर्शक म्हणाले, हे खासगी आहे, काढा. मी काढलं नाही.

तुमच्यावर ही वेळ आली, तर सांगा किंवा सांगू नका, असं मी म्हणणार नाही. किती ऐकायचंय, एवढं आधी त्या माणसालाच विचारा.

सासूबाई आता माझ्याकडे राहतात. मुलाला शेवटपर्यंत काही कळलं नाही, याचं त्यांना समाधान आहे. मी त्यांना खरं सांगितलेलं नाही.