बोंड्यानं खाल्लेल्या गोळ्या

बोंड्या गेला तेव्हा मी शिरपूरला एका लग्नाच्या पंगतीत बसलो होतो. बायकोचा फोन आला. “जेवन झालं का तुमचं?” मी म्हटलं, “वरण-भातावर आहे.” “मंग होऊ द्या,” म्हणाली आणि तिनं फोन ठेवून दिला. आमच्या घरात बोलण्याचं खातं तिच्याकडे आहे. ती एका वाक्यात थांबली म्हणजे पुढचं मला कळतं. मी पानावरून उठलो. वाढणाऱ्यानं विचारलं, “काय झालं भाऊ?” मी म्हटलं, “घरचं म्हातारं माणूस गेलं.” तो बिचारा हातातली बादली खाली ठेवून हळहळला. “वय काय होतं?” “पंधरा,” मी म्हटलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग बादलीकडे पाहिलं आणि पुढच्या पानावर भात वाढायला गेला.

कापूस वेचणीच्या दिवसांत घरात रचलेल्या कापसाच्या ढिगात तो पिल्लू असताना सापडला होता. कुठून आला, कोणी सोडला, माहीत नाही. पांढऱ्यात पांढरा. बायकोनं बोंड समजून उचलला आणि बोंड ओरडलं, म्हणून बोंड्या. राखणीच्या कामात तो फारसा हुशार नव्हता. रानडुकरं शेतात शिरली की घराकडे पळत येई आणि डुकरं पळून गेल्यावर जोरात भुंके. पण माझ्यासारख्या न बोलणाऱ्या माणसाला असा जोडीदार पुरतो. बांधावर आम्ही दोघं बसायचो. माझ्या सदऱ्याच्या खिशात फुटाणे-शेंगदाणे असत. चार मी खायचो, चार त्याला टाकायचो.

आता जे लिहितो ते गावात बायको आणि एक शेजारी सोडून कोणाला माहीत नाही… मला साखरेचा आजार निघाला, त्याला काही वर्षं झाली. बाबांनाही होता, आणि त्यात त्यांचा पाय गेला. बाबा गोळ्या नेमानं घेत होते, तरी गेला. त्यामुळे गोळी हातावर आली की मला बाबांची खाट दिसायची. घेतली नाही तर आजार नाही, असा काहीतरी माझा हिशेब होता. बायको समोर उभी राहून गोळी द्यायची. मी ती गालात धरायचो, पाणी प्यायचो, तिची पाठ वळली की खिशात टाकायचो. शेतात गेलो की बांधापलीकडे फेकून द्यायची. बारीकशी गोळी, फेकताना कोणाला दिसतही नसे.

एका पावसाळ्यात आठवडाभर झड लागली होती. शेतात जाणंच झालं नाही. खिसा काही रिकामा झाला नाही, आणि तोच सदरा खुंटीवरून अंगावर, अंगावरून खुंटीवर. दुपारी बोंड्या पायाशी येऊन बसला. मी बातम्या पाहत होतो. सवयीनं खिशात हात घातला आणि मूठभर दाणे त्याच्यापुढे टाकले. म्हातारपणी त्याचे दात गेले होते, त्यामुळे तो चावत नसे, सरळ गिळत असे. त्यानं बिनतक्रार गिळलं.

दिवेलागणीला तो उठला आणि भिंतीवर जाऊन आदळला. मागचे पाय एकीकडे, पुढचे दुसरीकडे. तोंडातून लाळ. बायको म्हणाली, “अवं, हा असा काहून करून राह्यला?” तोपर्यंत तो आडवा झाला आणि पडल्या पडल्या पाय मारायला लागला, जणू झोपेत डुकरांमागे धावतोय. शेजारचे रहीमभाई शिलाई मशीन सोडून धावत आले. त्यांनी वाकून पाहिलं आणि निकाल दिला, “साप डसला भाभी. सौ टक्का.” त्यांनी कांदा फोडून बोंड्याच्या नाकाशी धरला. बोंड्याला काही झालं नाही. रहीमभाईंच्याच डोळ्यांतून धारा लागल्या.

बायकोनं आमच्या वाशीमकडच्या मालेगावच्या ढोरांच्या डॉक्टरांना फोन लावला आणि आवाज मोठा करून मधे धरला. डॉक्टर म्हणाले, “काय खाल्लं होतं त्यानं?”

“काई नाई, सकाळी दूध-भाकर,” बायको म्हणाली.

“साप है डॉक्टरसाब,” रहीमभाई मागून म्हणाले.

“साप असला तं त्याचं इंजेक्शन माह्यापाशी नाई. वाशीमले जाऊन आणा लागन. मंग येतो तुमच्याकडं. उशीर होईन.”

“या बाप्पा, कसेही या,” बायको म्हणाली. तिनं बोंड्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. तिचा आवाज फाटला होता. मी दारात उभा होतो आणि माझा हात खिशात होता. खिशात दोन शेंगदाणे राहिले होते. बाकी काही नव्हतं… तेव्हा मला कळलं.

कळल्यावरही मी लगेच बोललो नाही, हे लिहायलाच हवं. डॉक्टर वाशीमला जाऊ देत, सापाचं औषध देऊ देत, कदाचित तेही लागू पडेल, आणि माझं झाकलेलं राहील, असं मी उभ्या उभ्या मनात म्हटलं. बोंड्यानं तेवढ्यात एक डोळा उघडला. माझ्याकडे पाहत होता असं म्हणणार नाही. डोळा कुठेच पाहत नव्हता.

मी म्हटलं, “साप नाई. गोळ्या खाल्ल्या त्यानं.”

“कोनत्या गोळ्या?” फोनमधून डॉक्टर.

“माह्या. साखरीच्या. चार-पाच दिवसांच्या असतीन.”

रहीमभाईंनी कांदा खाली ठेवला आणि त्यांना मशीनवर अर्धवट राहिलेला झंपर आठवला. बायको माझ्याकडे पाहत राहिली. तिनं विचारलं नाही की चार-पाच दिवसांच्या गोळ्या कुत्र्याच्या पोटात गेल्या कशा. डॉक्टर मात्र ओरडायला लागले, “अहो, त्याची साखर उतरली! गुळाचं पाणी करा, घट्ट. हिरड्याले चोळा, घशात ओतू नका. मी निघालोच.”

“गूळ कुठं हाय घरात?” बायको रडकुंडीला आली. “यायच्यापायी मी दोन वर्सांपासून घरात गूळ ठेवला नाई, साखर ठेवली नाई. दुकान पार तिकडं पेठेत…”

एका दमात दोनदा कबूल होणं फार अवघड असतं. मी म्हटलं, “हेल्मेटात पाह्य.”

आमच्या गावात हेल्मेटाइतकी सुरक्षित जागा नाही. पोरानं पुण्याहून पाठवलेलं ते दारामागच्या खिळ्याला लटकलेलं होतं, त्याला कोणी हात लावत नसे. बायको गेली आणि कागदात बांधलेली गुळाची अर्धी ढेप घेऊन आली. मी बोंड्याचा ओठ वर धरला, ती गुळाचं पाणी चोळत राहिली. बऱ्याच वेळानं त्याच्या पायांची धावपळ थांबली. मग जीभ हलली. त्यानं आधी ओठ चाटला, मग तिचं बोट, मग वाटी. डॉक्टर आले तेव्हा तो मान वर करून आणखी गूळ मागत होता. सलाईनची बाटली हेल्मेटाच्याच खिळ्याला टांगली.

रहीमभाईंनी माझं गुपित पोटात ठेवलं, पण फुकट नाही. सापाला आपला कांदा कसा भारी पडला, ते अजून गावभर सांगतात. मी मान हलवत आलो. त्यांनी हे वाचलं तर मला माफ करावं.

बायकोनं भांडण केलं नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं दुसऱ्या दिवसापासून बोंड्याला साक्षीला बसवलं. गोळीच्या वेळी त्याला हाक मारायची, तो लटपटत येऊन उंबऱ्यापाशी बसायचा. मी गोळी गिळायची, तोंड उघडायचं, जीभ वर, जीभ खाली. “पाह्य रे बोंड्या, गेली का?” तो शेपटी हलवायचा, मगच मला सुट्टी. एकदा शेपटी हलली नाही, तर तिनं मला आणखी एक पेलाभर पाणी पाजलं. त्यानंतर तो आणखी एक हिवाळा पाहून गेला. डॉक्टर म्हणतात वयानं गेला. मी त्यांना दोनदा विचारलं, दोनदा तेच म्हणाले. तिसऱ्यांदा विचारायचं धाडस झालं नाही…

मागच्या आठवड्यात बायको बहिणीकडे किन्हीराजाला गेली होती. घरात मी एकटा. गोळीची वेळ झाली. ती हातावर घेतली, खिडकी उघडीच होती. बराच वेळ तसाच उभा राहिलो. मग गोळी गिळली, पाणी प्यालो, आणि रिकाम्या उंबऱ्याकडे तोंड करून जीभ वर केली, जीभ खाली केली. कोणी सुट्टी दिली नाही, म्हणून थोडा वेळ तिथंच बसून राहिलो.