उतरलेला सा

गिटार हातात घेतली तेव्हा मी तिशी ओलांडली होती. सौंसरच्या कचेरीत माझी नोकरी, घर रामाकोन्याला. बदली होऊन जाणाऱ्या सहकारिणीने सामान कमी करायला आपली गिटार माझ्या गळ्यात मारली, आणि मी फोनवरचे व्हिडिओ पाहून शिकायला बसले.

आमच्या बाबांची गायन पार्टी आहे. वस्तीतल्या जयंतीला, लग्नाला, वर्षावासाला ते गातात. पेटी बाबांची, ढोलकी शेजारच्या काकांची, कोरसला चार-पाच जण. त्यांच्या गाण्यामागे मी व्हिडिओतले पूर्ण कॉर्ड, तीन-तीन सुरांचे झुबके, वाजवून पाहिले, तर बाबांनी दुसऱ्याच ओळीला हात वर केला.

"काय वाजवून राहिली तू? मधात मधात नाक खुपसते ते."

राग आला, पण म्हणणं खरं होतं. पूर्ण कॉर्ड आधीच ठरवून टाकतो की इथे हसायचं की रडायचं. बाबांचा आवाज असं काही ठरवून निघत नाही.

मग पॉवर कॉर्डचा व्हिडिओ सापडला. पहिलं बोट जाड तारेवर, तिसरं बोट शेजारच्या तारेवर दोन घरं पुढे, बाकीच्या तारा गप्प. पंधरा दिवस बोटं सोलली. आई म्हणाली, "कापूस वेचतानी इतकी नाही सोलली तुही बोटं." एका संध्याकाळी बाबा ओसरीत संत्रं सोलत बसले होते. ऐकता ऐकता म्हणाले, "हे तं सा आन् प होय. इतकंच वाजव. यंदा जयंतीले बस आमच्या संगं."

मला आभाळ ठेंगणं झालं. फोनवरच्या ॲपने मी सहाही तारा लावल्या, प्रत्येक तारेला हिरवा दिवा येईपर्यंत. विहारासमोर तालमीला बसलो आणि पहिल्याच ओळीला सगळं आंबट वाजलं. माझी जीभ मला विचारून चालत नाही. सगळ्यांसमोर मी म्हणाले, "बाबा, तुमची पेटी सुरात उतरून आहे. फोन खोटं बोलत नसते."

ढोलकीवाले काका उगाचच दोऱ्या आवळू लागले. बाबांनी भाता बंद केला, पेटीवर कापड टाकलं. "आज राहू द्या," एवढंच बोलले.

चार दिवस त्यांनी पेटीला हात लावला नाही. जयंती आठवड्यावर आलेली. बसमध्ये, दुकानात, जो तो मलाच विचारायचा, "बाबा गाऊन राहिले ना यंदा?" इतकी वर्षं ज्या पेटीवर अख्खी वस्ती गायली, तिला मी परीक्षेला बसवून नापास केलं होतं. मला स्वतःचीच लाज वाटत होती. बाबा गायले नसते तर त्याचं कारण मी असते.

पाचव्या संध्याकाळी त्यांच्याजवळ जाऊन बसले. "चुकलं माह्यं, बाबा," म्हटलं. आणि गप्प बसवेना म्हणून पुढे जोडलं, "रविवारी नागपूरले नेऊ पेटी. दुरुस्त करून आणू."

बाबा कसनुसं हसले. "मले माहीत आहे ना ते उतरली म्हणून. दोन वर्सं झाले. मुद्दामच नाही नेली."

"काहून?"

"माहा गळाही उतरला ना, बाई. हे पेटी थोडी उतरली तं वरची ओळ कशीतरी गाठून होते. दुरुस्त केली तं सुटून जाईन." मग हलकेच म्हणाले, "कोणाले सांगजो नोको."

दोन वर्षं मी त्यांचं गाणं ऐकत होते, आणि मला यातलं काही कळलं नव्हतं. त्या घटकेला बाबांवर जेवढी माया आली तेवढी पूर्वी कधी आली नसेल.

मी फोन बंद केला. गिटार मांडीवर घेतली.

"सा द्या, बाबा."

त्यांनी पेटी पुढे ओढली. मग कापड काढलं, एका हाताने भाता धरला आणि एकच पट्टी दाबून ठेवली. मी जाड तारेपासून सुरुवात केली. खुंटी सैल करायची, तार छेडायची, ऐकायचं. बाबांनी डोळे मिटले होते. शेवटच्या तारेला मी थांबले, मला वाटलं जुळलं.

"अजून थोडी उतरव," बाबा म्हणाले.

मी उतरवली.