गप्प कोण असतं, असं विचारणाऱ्या हेल्मीताई

डॉ. हेल्मी कोर्पेला यांची नि माझी पहिली भेट अबुधाबीत, विद्यापीठातल्या मुलाखतीत झाली. लोकगीतांच्या संग्रहासाठी त्यांना मराठी आणि हिंदी जाणणारी सहायक हवी होती. मी पदव्यांची जाडजूड फाइल घेऊन गेले. त्यांनी ती न उघडता बाजूला ठेवली आणि सावकाश मराठीत विचारलं, "तुमच्या घरी कोण गातं?"

फिनलंडच्या बाईंच्या तोंडचं मराठी ऐकून मी आधीच गांगरले होते. म्हटलं, "कुणी नाही."

"मग गप्प कोण असतं?"

"आई."

"त्यांना भेटायला हवं," त्या म्हणाल्या. नेमणूक यथावकाश झाली. त्याआधीच हेल्मीताई अबुधाबीच्या अल रीम आयलंडवरून दुबईत अल मनखूलच्या आमच्या घरी येऊन गेल्या होत्या.

माझी आई वाईजवळच्या गावातली. गावात कुणाचंही बारसं असो, पाळणा म्हणायला आईच हवी. बाबा गेले आणि आईला बोलावणी येईनाशी झाली. येऊ नका, असं कुणी म्हटलं नाही. आईही समजून चुकली आणि गायचं सोडूनच बसली. मी तिला दुबईला आणलं तेव्हा मला दिवस गेले होते. माझ्या बाळाचं नाव आईच्या पाळण्यानं ठेवलं जावं, एवढीच माझी इच्छा होती. विषय काढला की ती म्हणायची, "खलास झालं गं ते आता." इथे ऊठसूट कानावर पडणारा हा अरबी शब्द मात्र तिनं लगेच उचलला होता.

हेल्मीताईंचं सारं आयुष्य बायकांची गाणी गोळा करण्यात गेलं. फिनलंडच्या पूर्वेकडची खेडी त्यांनी पायी पालथी घातली, तरुणपणी आपल्याकडेही पुष्कळ हिंडल्या, आणि आता आखातात आलेल्या आयाबायांची गाणी जमवतात. त्यांचा दंडक एकच: रिकाम्या हातांनी गाणं मागायचं नाही. तिकडे त्यांनी बटाटे सोलले, सरपण वाहिलं. आमच्याकडे दर शनिवारी बसने येऊन मेथी निवडली, तीही इतकी वाईट की आई मला म्हणाली, "बाईंना सांग, काड्या भाजीत टाकायच्या नसतात." कित्येक दिवसांनी आई कुणावर तरी करवादली होती. मला फार बरं वाटलं. गाण्याचा विषय हेल्मीताईंनी कधी काढलाच नाही. त्या आपल्याच गावची गाणी गुणगुणत राहायच्या आणि आई कानोसा घेत बसायची.

माझ्या लेकीच्या, रेवाच्या बारशाला घर माणसांनी भरलं. पुण्याहून सासूबाई आल्या होत्या. पाळणा मोबाइलवर लावायचा ठरला होता आणि आमचे हे स्पीकर जोडत "यल्ला, यल्ला" म्हणत सगळ्यांना घाई करत होते. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, सुंठवड्याचं ताट धरून. सासूबाई एकेकीला हळदकुंकू लावत आल्या. हेल्मीताईंच्या बोटात अंगठी पाहून त्यांनाही लावलं. हेल्मीताईंनी नमस्कार केला आणि शांतपणे म्हणाल्या, "मी लावून घेते आनंदानं. पण माझे यजमान जाऊन पुष्कळ वर्षं झाली. तुम्हाला ठाऊक असावं, म्हणून सांगितलं."

सासूबाई ओशाळल्या. काहीतरी बोलायचं म्हणून बोलून गेल्या, "असू दे हो. तुम्हाला चालतं."

तेव्हा दारातून आई बोलली. आवाज चढवला नाही. "विहीणबाई, त्यांना चालतं, तर मला का नाही चालत?"

सासूबाई स्वभावानं कडक आहेत, पण वाईट नाहीत. करंडा घेऊन त्या आईजवळ गेल्या, तिच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि तिला कुंकू लावलं. म्हणाल्या, "तो मोबाइल बंद करा रे. विहीणबाई म्हणतील पाळणा."

पहिल्या ओळीला आईचा आवाज फाटला, दुसरीला लागला. दोरी हेल्मीताईंच्या हातात होती. शेवटी आईनं तिथल्या तिथे दोन ओळी जोडल्या:

वाळूच्या गावी पाळणा बांधिला,
बर्फाच्या गावची मावशी दोरीला.

मी रडतच रेकॉर्डर काढायला गेले. हेल्मीताईंनी माझा हात धरला. "आज नाही. पहिलं गाणं घराचं असतं." एवढ्या मोठ्या संशोधक, आणि ज्या गाण्यासाठी एवढे खेटे घातले ते त्यांनी असं सोडून दिलं. पुढे आईची पुष्कळ गाणी त्यांच्या संग्रहात गेली. तो पाळणा मात्र तिथे नाही. आज मनखूलपासून डिस्कव्हरी गार्डन्सपर्यंत कुणाकडे बारसं असलं की आईला फोन येतो. ती भाव खाते आणि जाते.

हेल्मीताईंना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होताहेत. त्यांच्या ग्रंथांविषयी या गौरव अंकात जाणकार लिहितीलच. मी आईला विचारलं, शेवटी काय लिहू, शतायुषी व्हा असं? ती म्हणाली, "शंभराचं बंधन कशाला घालतेस त्यांना? रेवाच्या लेकीच्या बारशापर्यंत ठणठणीत राहा म्हणावं. दोरी त्यांनी धरावी. गायला मी आहेच."