वखारीतला पान्हा

बसमध्ये शेजारच्यानं तळहातावर तंबाखू मळली, की मी कामाला होते ती निपाणीची तंबाखूची वखार आठवते. एकोणीसशे ऐंशीच्या आसपासची गोष्ट. माझी तान्ही लेक घरी सासूबाईंजवळ असायची. वखारीबाहेर कडुलिंबाला कामावरच्या बायकांच्या लेकरांसाठी लुगड्यांच्या झोळ्या टांगलेल्या असत. त्या दिवशी सुट्टी व्हायला आली होती, तेवढ्यात एका झोळीतलं बाळ रडलं आणि तंबाखू चाळता चाळता मला पान्हा फुटला, चोळी भिजली. बाळाची आई पार आतल्या बाजूला कामात होती. झोळ्या सांभाळणारी म्हातारी म्हणाली, "घे गं, पाज. लेकरूच न्हवं का ते बी?" हात धुऊन मी त्याला पदराखाली घेतलं. छातीतला ठणका ओसरला, डोळे आपोआप मिटले, आणि खरं सांगते, तेवढा वेळ मला माझी लेक आठवलीच नाही. घरी गेले तर ती रडून लाल झालेली. ओढून ओढून तिला थेंबभरच मिळालं. "आज दूध कसं न्हाय गं?" सासूबाईंनी विचारलं. "धुरळ्यानं आटलं असंल," मी म्हणाले. पुढं बाळंतपणाला आलेली तीच लेक आपल्या बाळाला पाजत होती. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर वखारीत मला लाभलेलं तेच सुख. मी उठून स्वयंपाकघरात गेले.