आमची फॅमिली

काल धाकट्या भावानं फोनवर ‘फॅमिली’ नावाचा ग्रुप काढला आणि मला ढाणकीच्या बाजारातलं कापडाचं दुकान आठवलं, कोऱ्या लुगड्यांच्या खळीच्या वासासकट. बाबा आईचं नाव कधी घेत नसत. दुकानदाराला म्हणाले, “आमच्या फॅमिलीले हिरवं लुगडं दाखवा जरा.” आई पदराआड हसली. कॉलेजात शिकणारा मी लाजेनं बाहेर जाऊन उभा राहिलो. परतताना बाबांना समजावलं, की फॅमिली म्हणजे बायको नव्हे, सगळं घर.

ते म्हणाले, “तिच्याबिगर कायचं घर रे?”

ग्रुपमध्ये आमच्या बायका, पोरं, जावई, सगळे आहेत. फुलसावंगीला एकटी राहणारी आई तेवढी नाही. तिच्याकडे तसला फोन नाही, आणि घेऊन द्यावा असं आम्हा कोणालाच सुचलं नव्हतं.